शहरांची वाढ, स्त्री-पुरुष प्रमाण आणि आपला जिल्हा : जनगणनेच्या आकड्यांचा एक अभ्यास

स्मरणिका म्हणजे संस्थेने समाजापुढे ठेवलेला हिशेब होय. किती विद्यार्थी आले, किती शिकून बाहेर पडले, कोण कोठे पोहोचले, याची नोंद अशा ग्रंथात होते. संस्थेचा असा हिशेब असतो, तसाच राष्ट्राचाही असतो आणि त्यास जनगणना असे म्हणतात. आपल्या विद्यालयात शिकलेली बहुतेक मुले खेड्यांतून आली आणि त्यांपैकी अनेकजण आज पुणे, मुंबई, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथे स्थायिक झाली आहेत. शहरांची वाढ हा विषय त्यामुळे आपल्याला परका नाही. त्या वाढीबरोबर स्त्रिया आणि पुरुष यांच्या संख्येतील प्रमाण कसे बदलले, आणि आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या बाबतीत जनगणना काय सांगते, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत. आकडे पुष्कळ आहेत. वाचकांनी ते पाठ करू नयेत. त्यांचा अर्थ तेवढा लक्षात ठेवावा.

जनगणना कशी मोजते?

भारतात पहिली जनगणना १८७२ च्या सुमारास झाली. ती सर्व प्रांतांत एकाच वेळी झाली नव्हती. १८८१ पासून मात्र दर दहा वर्षांनी, संपूर्ण देशात एकाच वेळी गणना करण्याची प्रथा पडली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याने या कामाला आधार मिळाला. २०११ ची गणना ही या मालिकेतील पंधरावी आणि स्वातंत्र्यानंतरची सातवी होती. १ मार्च २०११ रोजी शून्य वाजता देशात जितकी माणसे होती, तितकी तिने मोजली.

माणूस कोठे मोजला जातो, हे येथे नीट समजून घ्यावे. गणनेच्या काळात जो जेथे राहत असेल तेथेच त्याची नोंद होते. त्याचे मूळ गाव कोणते, यावर ती अवलंबून नसते. वसतिगृहात राहणारी मुले वसतिगृहातच मोजली जातात. जनगणनेच्या भाषेत वसतिगृह हे 'संस्थात्मक कुटुंब' असते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतील ऊसतोडणीच्या टोळ्या फेब्रुवारीत कारखान्यांच्या परिसरात असतात. गणनेचा सगळा काळ त्या तेथेच असतील, तर त्यांची नोंद कोप्यांवर होते, गावात नव्हे. भिंगार येथील कटक मंडळाच्या हद्दीत लष्कराची केंद्रे आहेत, तेथे पुरुषांची संख्या स्वभावतःच अधिक येणार. म्हणून एखाद्या गावाचे किंवा शहराचे स्त्री-पुरुष प्रमाण वाचताना तेथे कोण येते आणि तेथून कोण जाते, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

शहर कशाला म्हणावे?

जनगणनेत दोन प्रकारची शहरे असतात. जेथे महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा कटक मंडळ आहे ते वैधानिक शहर. दुसरा प्रकार जनगणना शहरांचा. कारभार ग्रामपंचायतीचाच असतो. पण लोकसंख्या किमान ५ हजार, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायात, या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या म्हणजे जनगणना त्या गावास शहर मानते.

तिसरी अट वाचकांनी पुन्हा वाचावी. गाव शहर झाले की नाही हे ठरविताना फक्त पुरुषांचे काम पाहिले जाते. त्याच गावातील स्त्रिया शेतात राबत असोत, गोठा सांभाळत असोत, विड्या वळत असोत किंवा कार्यालयात जात असोत, व्याख्येच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नाही. ज्या व्याख्येने आपण शहर ओळखतो, तिच्यातच स्त्री अदृश्य आहे.

२००१ ते २०११ या दशकात देशातील एकूण शहरांची संख्या ५,१६१ वरून ७,९३५ झाली. यात वैधानिक शहरे सुमारे अडीचशेनेच वाढली. जनगणना शहरे मात्र १,३६२ वरून ३,८९० च्या पुढे गेली. म्हणजे माणसे उठून शहरात जातात ही एक वाट. आणि माणसे आहेत तेथेच राहतात, पण त्यांचे गावच शहराच्या रूपाला येते, ही दुसरी. शहरातील कुटुंबांत होणारे जन्म ही अर्थातच तिसरी. नागरी वाढ या तिन्ही वाटांनी होते.

शंभर वर्षांचा आलेख

देशातील नागरी लोकसंख्येचे शेकडा प्रमाण, एकूण स्त्री-पुरुष प्रमाण (दर हजार पुरुषांमागे स्त्रिया) आणि बालकांमधील प्रमाण (० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली) पुढीलप्रमाणे आहे.

१९६१ : नागरी १८.० टक्के, स्त्रिया ९४१, मुली ९७६
१९७१ : नागरी १९.९ टक्के, स्त्रिया ९३०, मुली ९६४
१९८१ : नागरी २३.३ टक्के, स्त्रिया ९३४, मुली ९६२
१९९१ : नागरी २५.७ टक्के, स्त्रिया ९२७, मुली ९४५
२००१ : नागरी २७.८ टक्के, स्त्रिया ९३३, मुली ९२७
२०११ : नागरी ३१.१ टक्के, स्त्रिया ९४३, मुली ९१९

१९०१ साली शंभरातील जेमतेम ११ माणसे शहरात राहत होती. २०११ मध्ये ती ३१ झाली, म्हणजे सुमारे ३७ कोटी ७० लाख. स्वातंत्र्यानंतर प्रथमच या दशकात खेड्यांपेक्षा शहरांतील माणसांची भर थोडी अधिक पडली. महाराष्ट्र या वाटेवर बराच पुढे आहे. राज्यातील ४५ टक्क्यांहून अधिक लोक, म्हणजे ५ कोटी ८ लाख, शहरांत राहतात. इतकी मोठी नागरी लोकसंख्या देशातील दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाही.

आता वरच्या आकड्यांतील शेवटचे दोन स्तंभ शेजारी ठेवून पाहावेत. १९९१ नंतर एकूण प्रमाण ९२७ वरून ९४३ वर चढत गेले आणि वृत्तपत्रांनी त्याचे स्वागत केले. त्याच वीस वर्षांत बालिकांचे प्रमाण ९४५ वरून ९१९ वर उतरले. महाराष्ट्रातही २००१ ते २०११ मध्ये एकूण प्रमाण ९२२ वरून ९२९ झाले आणि बालिकांचे ९१३ वरून ८९४ वर आले. एकाच समाजात, एकाच काळात, एक आकडा सुधारतो आणि दुसरा बिघडतो, हे कसे?

दोन आकडे, दोन कारणे

याचे उत्तर असे की, हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. एकूण प्रमाणावर दोन गोष्टींचा प्रभाव मोठा असतो : स्थलांतर, आणि स्त्रियांचे आयुर्मान. वैद्यकीय सेवा पोहोचल्या, बाळंतपणातील मृत्यू घटले, वृद्ध स्त्रिया अधिक काळ जगू लागल्या, की एकूण प्रमाण वर जाते. ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्यामुळे पाळण्यातील मुलींची घट झाकली जाते.

स्थलांतराचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने समजेल. एका गावात ५०० पुरुष व ४८० स्त्रिया आहेत, प्रमाण ९६०. एका उपनगरात ६०० पुरुष व ५४० स्त्रिया; प्रमाण ९००. गावातील ६० पुरुष कामासाठी त्या उपनगरात गेले. गावात उरले ४४० पुरुष व ४८० स्त्रिया. प्रमाण एकदम १,०९१. उपनगरात झाले ६६० पुरुष व ५४० स्त्रिया, प्रमाण ८१८. कोणी जन्मले नाही, कोणी मेले नाही, कोणाची वृत्ती बदलली नाही. तरी एक गाव स्त्रियांचे आणि एक वस्ती पुरुषांची झाली.

प्रत्यक्षातही असेच घडलेले दिसते. मुंबईची चाकरी आणि कोकणचे घर हे नाते जुने आहे. २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १,०३६. आणि मुंबई शहर जिल्ह्यात अवघ्या ८३२. आपल्याकडे पारनेर तालुक्याचे मुंबईशी असेच पिढ्यानपिढ्यांचे नाते आहे. तेथील पुरुष आधी गिरणीत आणि माथाडी कामात गेले, कुटुंब मागाहून गेले. मुंबई शहरात २००१ मध्ये हे प्रमाण ७७७ होते, ते दहा वर्षांत ८३२ झाले. उपनगर जिल्ह्यात ८२२ वरून ८६०. पुरुष एकटा येऊन खोलीत भाडेकरू म्हणून राहण्याचे दिवस कमी झाले, कुटुंबे आली, मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी स्वतः येऊ लागल्या. संपूर्ण देशातील नागरी भागाचे प्रमाण ९०० वरून ९२९ झाले. शहर पूर्वी प्रामुख्याने पुरुषांचे होते. ते हळूहळू कुटुंबांचे होत आहे. शहरीकरणाची ही चांगली बाजू आम्ही मोकळेपणाने नोंदवतो.

पाच वर्षांचे मूल मात्र कामासाठी एकटे स्थलांतर करीत नाही. ते आईबापांबरोबर असते. म्हणून ० ते ६ वयोगटातील प्रमाणावर स्थलांतराचे पांघरूण घालता येत नाही. निसर्गतः साधारण १०५ मुलग्यांमागे १०० मुली जन्मतात, म्हणजे हजारामागे सुमारे ९५०. बालकांचा आकडा याच्या बराच खाली गेला, तर त्याचा अर्थ एकच : मुलींना जन्मू दिले जात नाही, किंवा जन्मल्यावर त्यांची निगा मुलग्याइतकी घेतली जात नाही. समाजाची नियत पाहायची असेल तर बालकांचाच आकडा पाहावा, असे आमचे मत आहे.

खेडे शहराच्याही खाली

गर्भलिंग निदान हा शहरातील सुशिक्षितांचा रोग आहे, असा एक समज आहे. आरंभी त्यात तथ्य होते. यंत्रे शहरांत आली, पैसे तेथे होते. २००१ मध्ये महाराष्ट्राच्या नागरी भागात बालिकांचे प्रमाण ९०८ आणि ग्रामीण भागात ९१६ होते. दहा वर्षांनी नागरी भागात ते ८९९ झाले आणि ग्रामीण भागात ८९०. शहर ९ अंकांनी घसरले, खेडे २६ अंकांनी. जे खेडे मुलींच्या बाबतीत शहरापेक्षा बरे होते, ते या दशकात शहराच्याही खाली गेले. देशाच्या एकत्रित आकड्यांत अजून खेड्यांची स्थिती बरी दिसते, नागरी ९०५ व ग्रामीण ९२३. महाराष्ट्रात हा क्रम उलटला आहे. राज्यातील वाचकांनी या बदलाकडे विशेष लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याचे नाव अहमदनगर असेच आहे. लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार. पैकी पुरुष सुमारे २३ लाख ४३ हजार आणि स्त्रिया सुमारे २२ लाख. दशकातील वाढ १२.४ टक्के, राज्याची वाढ १६ टक्के होती आणि शेजारच्या पुणे जिल्ह्याची ३० टक्क्यांहून अधिक. आपल्या जिल्ह्यातील माणसे बाहेर जात आहेत, याची ही खूण. जिल्ह्याचा जेमतेम पाचवा हिस्सा, म्हणजे २० टक्के लोक, नागरी भागात राहतात. नगर शहर साडेतीन लाखांचे, श्रीरामपूर सुमारे ९० हजारांचे, संगमनेर आणि कोपरगाव प्रत्येकी ६५ हजारांच्या आसपास, शिर्डी ३६ हजारांची. चौदा तालुक्यांच्या, १७ हजार चौरस किलोमीटरच्या या विस्तीर्ण जिल्ह्यात चार माणसे खेड्यात तर एक शहरात, असा हिशेब पडतो.

जिल्ह्याचे एकूण स्त्री-पुरुष प्रमाण २००१ मध्ये ९४० आणि २०११ मध्ये ९३९, म्हणजे जवळपास स्थिर. राज्याच्या सरासरीपेक्षा बरेही. हा आकडा वाचून कोणी निश्चिंत होईल. पण बालकांचे प्रमाण पाहा : १९९१ मध्ये ९४९, २००१ मध्ये ८८४, २०११ मध्ये ८५२. वीस वर्षांपूर्वी निसर्गाच्या नियमाजवळ असलेला जिल्हा वीस वर्षांत ९७ अंकांनी खाली आला आणि राज्यातील सर्वांत खालच्या जिल्ह्यांच्या रांगेत जाऊन बसला. शेजारच्या बीड जिल्ह्यात ही संख्या ८०७ होती, जळगावात ८४२. याउलट आदिवासीबहुल गडचिरोलीत ती ९६१ होती. ज्यांना आपण मागास म्हणतो त्यांच्या घरी मुलगी जन्मते, आणि ज्यांना प्रगत म्हणतो त्यांच्या घरी ती येऊ शकत नाही.

८५२ या आकड्याचा अर्थ विद्यार्थ्यांना कळावा म्हणून तो एका गावापुरता मांडतो. ० ते ६ वयाची २०० मुले असलेले गाव घ्या. निसर्गाप्रमाणे त्यात सुमारे १०३ मुलगे आणि ९७ मुली असाव्यात. ८५२ च्या प्रमाणात तेथे १०८ मुलगे आणि ९२ मुली होतात. फरक लहान वाटतो, म्हणूनच तो गावात कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. अंगणवाडीच्या पटावर चारपाच नावे कमी असतात एवढेच. मात्र अशी गावे जिल्ह्यात दीड हजारांच्या घरात आहेत, आणि प्रत्येक गावातील ही चारपाच नावे एकत्र केली म्हणजे या आकड्याचे खरे स्वरूप कळते.

असे का झाले?

कारणे एकाहून अधिक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिले कारण लहान कुटुंब. पाच-सहा मुले होत असत तेव्हा मुलगा हवा ही इच्छा मुलींना न टाळताही पुरी होई. आता राज्यात एका स्त्रीमागे सरासरी दोनहून कमी मुले होतात. कुटुंब लहान झाले ही प्रगतीच. पण मुलगा हवाच, हा आग्रह तसाच राहिला, तर लहान कुटुंबात मुलीची जागा सर्वप्रथम जाते.

दुसरे कारण साधनांची उपलब्धता. सोनोग्राफीचे यंत्र आधी महानगरात, मग जिल्ह्याच्या ठिकाणी, मग तालुक्याच्या बाजारपेठेत आले. भंडारदऱ्याचे पाणी, प्रवरा-गोदावरीचे कालवे, प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना आणि त्यापाठोपाठ उभे राहिलेले इतर कारखाने यांनी जिल्ह्याच्या उत्तर भागात रस्ते, शाळा, दवाखाने आणि हातात पैसा आणला. हे यंत्र पुष्कळ आजार ओळखते, पुष्कळ बाळंतिणींचा जीव वाचवते. दोष यंत्राचा नाही. ते कोणत्या प्रश्नासाठी वापरले जाते, यात आहे. दक्षिणेकडील दुष्काळी तालुक्यांची गोष्ट निराळी, तेथे हुंड्याचे कर्ज आणि तोडणीच्या हंगामात वयात आलेल्या मुलीला कोठे ठेवावे ही धास्ती आहे. मात्र सुबत्तेच्या वाटेने जा अथवा टंचाईच्या, आकडा एकाच ठिकाणी पोहोचतो.

तिसरे कारण कायद्याची सैल अंमलबजावणी. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. तो कायदा १९८८ चा. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १९९६ पासून अमलात आला. 'सेहत' व 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, त्यानंतर अंमलबजावणीस वेग आला आणि २००३ मध्ये कायदा अधिक कडक झाला. वरील तारखा बालिकांच्या आकड्यांशेजारी ठेवल्या तर असे दिसते की, कायदा असतानाच सर्वांत मोठी घसरण झाली. कायदा कागदावर असणे आणि तो डॉक्टर, नातेवाईक व शेजारी या सर्वांच्या मनावर असणे, यांत अंतर आहे.

तथापि घसरण ही अटळ नव्हे. कोल्हापूर जिल्ह्यात बालिकांचे प्रमाण २००१ मध्ये ८३९ होते, ते २०११ मध्ये ८६३ झाले. सांगलीत ८५१ चे ८६७. राज्याचा आकडा खाली जात असताना, सर्वाधिक बदनाम झालेले हे दोन जिल्हे थोडे का होईना वर आले. तेथे वृत्तपत्रांनी, महिला संघटनांनी आणि प्रशासनाने हा प्रश्न उघडपणे बोलायला घेतला होता. जी गोष्ट बोलली जाते ती लपून करणे कठीण होते.

बाबासाहेबांचा पहिला निबंध

स्त्री-पुरुषांच्या संख्येचा प्रश्न आपल्या परंपरेत नवा नाही. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्या निबंधाचा गाभा आमच्या आजच्या विषयाला येऊन भिडतो. बाबासाहेबांचा युक्तिवाद थोडक्यात असा : जात टिकते ती जातीतच लग्न करण्याच्या बंधनामुळे. हे बंधन पाळायचे तर जातीच्या आत लग्नायोग्य स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या बरोबरीची राहिली पाहिजे. पती मेला की एक स्त्री 'जादा' होते, पत्नी मेली की एक पुरुष 'जादा' होतो. जादा स्त्रीचा प्रश्न समाजाने सतीने आणि सक्तीच्या वैधव्याने सोडविला. जादा पुरुषासाठी लहान मुलीशी विवाहाची सोय केली. म्हणजे संख्येचा मेळ घालण्याची किंमत प्रत्येक वेळी स्त्रीने मोजली.

शंभर वर्षांनंतर तोच मेळ दुसऱ्या बाजूने बिघडला आहे. आज जादा आहे तो पुरुष, आणि तो एखाद्या मृत्यूमुळे जादा झालेला नाही. त्याच्या बरोबरीची मुलगी जन्मूच दिली नाही म्हणून झाला आहे. २००१ मध्ये ० ते ६ वयाची असलेली मुले आज लग्नाच्या वयात आहेत. गावोगावी तिशी ओलांडलेले, शेती करणारे तरुण अविवाहित आहेत. पैसे देऊन दूरच्या प्रांतांतून वधू आणणे, त्यातील फसवणूक, मुलीचे शिक्षण तोडून लवकर लग्न लावण्याची घाई, हे सारे आपण पाहतो. मुली कमी झाल्या म्हणजे त्यांची किंमत वाढेल, असे काही लोक म्हणत होते. किंमत वाढते ती वस्तूची. माणसाची प्रतिष्ठा त्याने वाढत नाही. उलट मुलीवरचा पहारा वाढतो.

शहराकडे पाहण्याची बाबासाहेबांची दृष्टीही येथे आठवते. खेड्याविषयी त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मांडलेले कठोर मत सर्वांना ठाऊक आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाला शहराने जात विचारल्याविना काम दिले, निदान तशी शक्यता दिली. देशातील बौद्धांपैकी ४३ टक्के लोक २०११ मध्ये शहरांत राहत होते, देशाची सरासरी ३१ असताना. बौद्धांमध्ये एकूण स्त्री-पुरुष प्रमाण ९६५ आणि बालकांतील प्रमाण ९३३ होते. दोन्ही देशाच्या सरासरीपेक्षा वर. समाज शहरात गेला, शिकला, तरी मुलींच्या बाबतीत देशाहून बरा राहिला. यावरून शहर स्वतः दोषी नाही हे दिसते. पण समाधान मानून थांबण्याजोगे चित्र नाही. २००१ मध्ये बौद्धांमधील बालिकांचे प्रमाण ९४२ होते. दहा वर्षांत ते ९ अंकांनी उतरले. पायरी वरची आहे, परंतु पाऊल खाली पडत आहे. मल्लिका राणीला मुलगी झाली हे ऐकून खिन्न झालेल्या पसेनदी राजास भगवान बुद्धांनी, कन्या ही पुत्राहूनही श्रेष्ठ ठरू शकते, असे समजाविल्याची कथा संयुत्त निकायात आहे. ती कथा ज्यांच्या घरी सांगितली जाते, त्या घरांत हा आकडा उतरणे शोभत नाही.

पुढील गणना आणि आपले काम

२०२१ ची जनगणना कोविडच्या साथीमुळे झाली नाही. नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख शासनाने अधिसूचित केली आहे. तोवर आपल्याला नमुना पाहण्यांवर विसंबावे लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया आढळल्या, अशी बातमी सर्वत्र झळकली. त्या पाहणीत निवडक घरांत आदल्या रात्री मुक्कामास असलेली माणसे मोजली जातात. वसतिगृहे, बराकी, कामाच्या ठिकाणच्या पुरुषांच्या वस्त्या त्यात येत नाहीत. जनगणनेच्या ९४३ शी त्याची तुलना करणे योग्य नव्हे. त्याच पाहणीत जन्माच्या वेळचे प्रमाण देशात ९२९ आणि महाराष्ट्रात ९१३ आढळले; आधीच्या पाहणीत महाराष्ट्राचे ९२४ होते. विचार करण्यासारखा आकडा हा आहे.

२०१५ मध्ये 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजना सुरू झाली तेव्हा देशातील पहिल्या शंभर जिल्ह्यांत महाराष्ट्राचे दहा जिल्हे निवडले गेले. त्यांत आपला जिल्हा होता. त्या निवडीचे काय फळ आले, हे २०२७ ची गणना सांगेल. २०११ मध्ये मोजलेली बालके तेव्हा १६ ते २२ वर्षांची असतील. आपल्या विद्यालयाच्या वरच्या वर्गांतून नुकतीच बाहेर पडलेली पिढी ती हीच.

या निमित्ताने माजी विद्यार्थी आणि पालक यांना आम्ही काही कामे सुचवितो. पहिले, प्रगणक दारात येईल तेव्हा घरातील प्रत्येक मुलीचे, तान्ह्या मुलीचेही, नाव सांगावे; नामकरण झाले नसले तरी तिची नोंद होते. दुसरे, घरातील स्त्री काय काम करते या प्रश्नाला सवयीने 'घरीच असते' असे उत्तर देऊ नये. ती निंदणी-खुरपणी करते, दूध काढून डेअरीला घालते, शिवणकाम करते, मजुरीला जाते. वर्षातील सहा महिने किंवा अधिक काळ असे काम असेल तर ती जनगणनेच्या दृष्टीने मुख्य काम करणारी व्यक्ती आहे. तिसरे, आपल्या गावच्या अंगणवाडीतील व पहिलीच्या वर्गातील मुलामुलींची संख्या दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावी. त्यासाठी दहा वर्षे थांबण्याची गरज नाही. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी हा अभ्यास म्हणून आपापल्या गावात करून पाहावा. मुलींची संख्या मुलग्यांच्या संख्येने भागून हजाराने गुणले की प्रमाण मिळते. एका लहान गावात, एका वर्षी, हा आकडा योगायोगानेही वर-खाली होतो. म्हणून पाच-सहा वर्षांची बेरीज घ्यावी आणि मगच निष्कर्ष काढावा.

नगर येथील मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात मुलींसाठी शाळा काढण्याची प्रेरणा मिळाली आणि १८४८ मध्ये ती शाळा उघडली. जामखेड तालुक्यातील चौंडी ही अहिल्यादेवी होळकरांची जन्मभूमी, आणि आता जिल्ह्याला त्यांचेच नाव आहे. मुलींच्या शिक्षणाची वाट ज्या भूमीतून गेली आणि जिने एका स्त्रीचे नाव धारण केले, तिच्या हिशेबाच्या वहीत मुलींच्या रकान्यात ८५२ ही संख्या लिहिलेली आहे. २०२७ मध्ये त्या रकान्यात कोणती संख्या येते, हे शासनाच्या योजनेवर जितके अवलंबून आहे, तितकेच ते आपल्या घरांत मुलगी जन्मल्याची बातमी कोणत्या स्वरात सांगितली जाते यावरही अवलंबून आहे.